बायकांच्या बाजूला

नोझिबेले सिस्टरला खोकला कधी होतच नसे. म्हणजे होई, चारचौघांसारखा होई, म्बाशे नदीवरचं धुकं कुणाला सोडतंय? पण ती त्याला खोकला म्हणत नसे. 'छाती वाजते' म्हणे. पेशंटलासुद्धा ती "छाती वाजते का हो फार?" असंच विचारी. नवे डॉक्टर गोंधळून जात आणि म्हातारे पेशंट मात्र समजून मान डोलावत. ही कुणाच्या तरी घरची सून आहे आणि चांगल्या वळणाची सून आहे, एवढं त्यांना त्या एका प्रश्नावरून कळे.

तिच्या सासऱ्यांचं नाव खोहलिसो. आमच्या खोसा भाषेत खोकल्याचा शब्दही त्याच अक्षरांनी बनतो आणि डाव्या बाजूला आम्ही म्हणतो 'एखोहलो'. आमच्याकडे सून घरात आली की सासऱ्याचं नाव तिच्या तोंडातून जातंच, आणि जाताना आपले सगळे सोयरे शब्दही बरोबर घेऊन जातं. कुणाचं मीठ जातं, कुणाचं पाणी जातं, आणि मग ती बाई जन्मभर मिठाला 'चव' म्हणत राहते. नोझिबेलेचा खोकला गेला आणि डावी बाजू गेली. डाव्या बाजूला ती 'बायकांची बाजू' म्हणू लागली, कारण गोल घरात दारातून आत शिरलं की डाव्या हाताला बायका बसतात आणि उजव्या हाताला पुरुष. टॅक्सीवाल्याला ती बिनदिक्कत सांगे, "पुढच्या वळणावर बायकांच्या बाजूला घे रे." आणि तो मुकाट्यानं घेई. त्याची आईही घरी असलंच काहीतरी बोलत असणार.

म्हाताऱ्याला सगळा गाव त्याच्या कुळाच्या नावानं 'भेले' म्हणे. सून तर तेही म्हणत नसे. तिनं त्याच्याकडे सरळ नजर वर करून कधी पाहिलं नव्हतं आणि त्यानं तिच्याशी सरळ कधी गप्पा मारल्या नव्हत्या. तिला काही सांगायचं असलं की ती सासूला सांगे, तो ऐके. त्याला काही सांगायचं असलं की तो कुत्र्याला सांगे. एवढ्यावर घर छान चाललं होतं. नवरा रुस्टेनबर्गच्या खाणीत, तो डिसेंबरात येई आणि आल्या आल्या दोन्हीकडचे निरोप ऐकून हैराण होई.

टेकडीवरच्या आमच्या रुग्णालयात ती ऑपरेशनच्या खोलीत काम करी. हातात नीटनेटकेपणा आणि तोंडात शब्द कमी. पोट उघडायचं म्हणजे तिथं पोतं उसवल्यासारखं उघडायचं, छातीपासून बेंबीपर्यंत. दुसरं कुणाला काही येतच नव्हतं. मग वॉर्डात माणसं आठवडेच्या आठवडे टाके सांभाळत पडून राहायची, काहींचे टाके पिकायचे, आणि काही घरी जायची ती चादरीत. भेलेचा थोरला भाऊ असाच गेला. पित्ताशयातल्या खड्यांसाठी पोट उघडलं, खडे निघाले, पण जखम काही मिटली नाही. त्या दिवसापासून म्हाताऱ्यानं ठरवून टाकलं, मी मातीत जाईन तो सबंध जाईन.

आणि मग डॉक्टर नाकित्तो आल्या.

बाई युगांडाच्या. बुटक्या, बोलायला मऊ आणि शिकवायला भयंकर खाष्ट. दुर्बिणीची शस्त्रक्रिया त्यांनी कंपालात कित्येकांना शिकवली होती, आता वर्षभर आमच्याकडे होत्या. येताना त्यांनी दुर्बीण आणली, टीव्ही आणला, आणि एक बुटांचं खोकं आणलं. त्या खोक्याचीच भीती जास्त. खोक्याला भोकं, भोकांतून लांब काठीसारखे चिमटे, आत मक्याचे दाणे, आणि दाणे बघायचे ते टीव्हीवर. हात वर नेला की चिमट्याचं टोक खाली जातं. हात इकडे ओढला की टोक तिकडे पळतं. म्थाथा शहरातल्या सिमेंटच्या घरात वाढलेले आमचे डॉक्टर लुंडी, ज्यांच्या हाताची सगळ्या जिल्ह्यात वाहवा, ते पहिल्या दिवशी एक दाणा उचलता उचलता घामाघूम झाले.

"मी सर्जन आहे," ते कपाळ पुसत म्हणाले.

"काल होतात," नाकित्तोबाई म्हणाल्या. "आज कोंबडी आहात. टिपा दाणे."

दुर्बीण धरायचं काम नोझिबेलेकडे आणि म्झिंगिसी नावाच्या एका ब्रदरकडे आलं. बाईंनी दोघांना बजावून सांगितलं होतं, की दुर्बीण धरणारा म्हणजे खांब नव्हे, सर्जनचे डोळे त्याच्या हातात आहेत. जे दिसतं ते बोलायचं, आणि जे दिसत नाही तेही बोलायचं. नोझिबेलेनं मान डोलावली. पुरुषांच्या कामात मध्येच बोलायची तिला आयुष्यात सवय नव्हती, पण ते त्या वेळी कोण सांगणार?

बाईंनी पहिलं खरं ऑपरेशन केलं तेव्हा दुर्बीण तिच्या हातात होती. वायूनं फुगवलेल्या पोटात, बेंबीच्या शेजारच्या बोटभर भोकातून ती आत गेली आणि टीव्हीवर उजेड पडला. नोझिबेलेनं इतकी वर्षं पोटं पाहिली होती, पण ती चिरलेली, रक्तानं भरलेली, चार हात आत घुसलेली. सगळी माणसं घाबरून पळाल्यावर घर जसं दिसेल तसं. आज ती पहिल्यांदा कुणालाही न उठवता आत शिरली होती. यकृत शांतपणे श्वासाबरोबर खालीवर होत होतं, ओल्या दगडासारखं चकचकीत. आतडी आपल्या नादात हळूहळू सरकत होती. कशाला धक्का लागला नव्हता, सगळं जिथल्या तिथं आपलं आपलं काम करत होतं. दुर्बीण पुढे न्यायची ती विसरूनच गेली.

"काय झालं?" बाईंनी विचारलं.

"काही नाही," ती म्हणाली. "इतकं सुंदर असतं हे मला कुणी सांगितलंच नव्हतं."

बाईंनीही एकदा टीव्हीकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "मलाही कुणी सांगितलं नव्हतं."

तिथून पुढे मात्र गाडी एका जागी अडून बसली. बाईंच्या लक्षात आलं की टीम इंग्रजीत बोलते तेव्हा सगळ्यांचे हात अर्धा श्वास उशिरा हलतात. त्यांनी फर्मान काढलं, आपापल्या भाषेत बोला. आता आली का पंचाईत! दुसऱ्याच दिवशी खोक्यात कोंबडीचं काळीज ठेवून सराव चालला होता. लुंडींचा चिमटा टीव्हीवरून नाहीसा झाला, तशी नोझिबेले घाईनं ओरडली, "डॉक्टर, तुमचं टोक बायकांच्या बाजूला गेलंय!"

लुंडींनी मान वर करून पाहिलं. त्यांच्या उजव्या हाताला भिंतीशी तीन नर्स उभ्या होत्या. बायकांची बाजू ती हीच असणार, असं धरून त्यांनी चिमटा तिकडून ओढला, आणि कोंबडीचं काळीज खोक्याच्या भोकातून थेट एका नर्सच्या बुटावर येऊन पडलं.

हसून हसून सगळ्यांची पुरेवाट झाली. नोझिबेलेनं तोंडावर हात घेतला आणि जमिनीत गडप व्हायची वाट पाहत उभी राहिली.

"हसा नंतर," नाकित्तोबाई म्हणाल्या. "आधी मला सांगा."

नोझिबेले कशी सांगणार? भूल देणाऱ्या सिस्टरनं सांगितलं, की हिच्या सासऱ्यांच्या नावात डावी बाजू आहे. बाईंना यात हसण्यासारखं काही दिसलं नाही. "आमच्याकडे मी डॉक्टर झाले तरी सासऱ्यांपुढे गुडघे टेकूनच बोलते," त्या म्हणाल्या आणि खडू पुढे केला. "तुझं घर काढ बघू. खोक्यावरच काढ."

तिनं गोल काढला. दार काढलं. दारातून शिरल्यावर ही बायकांची बाजू, ही पुरुषांची, मध्ये चूल, आणि दाराच्या बरोब्बर समोर, सगळ्यात आत, एन्टला. घरातली मानाची जागा. तिथं पाहुणा सहज बसत नाही, पूर्वजांच्या वस्तू तिथं असतात.

बाई कमरेवर हात ठेवून कितीतरी वेळ त्या गोलाकडे बघत राहिल्या. मग त्यांनी दुर्बीण उचलली आणि हलकेच दारावर टेकवली.

"बेंबी," त्या म्हणाल्या. "आता आत चल. यकृत कुठं?"

"बायकांच्या बाजूला," नोझिबेले पुटपुटली.

"पित्ताशय?"

"तिथंच. यकृताच्या पदराखाली."

"लुंडी, जठर कुठं?"

"पुरुषांच्या बाजूला," लुंडी म्हणाले आणि स्वतःच चमकले. "अरेच्चा!"

कारण डावं-उजवं हे त्या खोलीतलं खरं दुखणं होतं. डावं म्हणजे कुणाचं? निजलेल्या माणसाचं, उभ्या असलेल्याचं, की टीव्हीतलं? रोज कुणीतरी चुके आणि रोज बाई कातावत. घराला मात्र कुणीही कुठूनही पाहा, कुठंही उभं राहा, त्याच्या बाजू बदलत नाहीत. बाईंनी त्याच दिवशी हुकूम सोडला, इथून पुढे पोटात कुणीही डावं-उजवं म्हणायचं नाही, घराच्या भाषेत बोलायचं. आठवड्याभरात चिमटे न अडखळता चालू लागले. आपल्या तोंडून गेलेल्या एका शब्दाची जागा सगळी टीम आता आपल्याच शब्दानं भरतेय, हे नोझिबेलेला फार अवघड वाटे. बाई मात्र उघड खुश होत्या. "हे मला कंपालात सुचायला हवं होतं," म्हणत.

अशात भेलेला दुखू लागलं. जेवण झालं की उजव्या कुशीत कळ, पाठीत कळ, मग हुडहुडी भरून ताप. मक्याच्या कण्या आणि घेवडा सुटला, आंबट दूधसुद्धा पोटात ठरेना. लुंडींनी तपासून सांगितलं, खडे आहेत, आणखी ताप येऊ दिला तर पित्ताशय आतल्या आत सडेल. शहरातल्या मोठ्या रुग्णालयात पाळी लागायला पुढचं वर्ष. इथं दुर्बिणीनं होईल. मोठा चिरा नाही, शर्टाच्या काजांएवढी चार भोकं. म्हातारा त्याला तयार झाला.

पण झालं असं, की म्झिंगिसी ब्रदर तोवर शहरात बदली घेऊन गेला होता. दुर्बीण धरणारी एकटी नोझिबेलेच उरली होती. आणि बाई महिनाअखेर कंपालाला परत चालल्या होत्या, म्हणून आता त्या स्वतः कशालाही हात लावत नव्हत्या, सगळं आमच्याच माणसांनी करायचं होतं.

"मला जमणार नाही," ती बाईंना म्हणाली. "त्यांचं अंग मी पाहायचं नसतं. त्यांच्या ताटात उरलेलं मी खात नाही. त्यांच्या पोटात कशी शिरू?"

"मी भाग पाडणार नाही," बाई म्हणाल्या. "नाही म्हणालीस तर लुंडी पोट उघडून करतील. तेही चांगलं करतात."

पोट उघडून म्हटलं की म्हातारा उठून घरी जाणार आणि मग तापातच संपणार, हे दोघींनाही माहीत होतं. नोझिबेले घरी गेली. संध्याकाळचा स्वयंपाक आटोपल्यावर ती बायकांच्या बाजूला सासूजवळ बसली. पलीकडे म्हातारा पाइप ओढत होता.

"आई," ती सासूला म्हणाली, म्हणजे कुणाला म्हणाली ते सगळ्यांना कळलं, "त्या दिवशी दुर्बीण धरायला माझ्याशिवाय कुणी नाही."

सासूच्या हातातली पळी खाली पडली. "सासऱ्याच्या पोटात डोकावणार तू? उघड्या अंगाला बघणार? अगं, माझी सासू असती तर तिनं तुला आज माहेरी पोचवलं असतं!"

"सगळं अंग हिरव्या कपड्यांनी झाकतात, आई. तळहाताएवढी जागा उघडी असते."

"तळहाताएवढी काय आणि अंगणाएवढी काय! चाळीस वर्षांच्या संसारात मी कधी पोटात डोकावले नाही, आणि ही कालची सून डोकावणार!"

दोघी पुरुषांच्या बाजूकडे न बघता उत्तराची वाट पाहत राहिल्या. म्हाताऱ्यानं पाइप झटकला. उठला, काठी घेतली, दारात उभा राहून कुत्र्याला म्हणाला, "चल रे." आणि बाहेर निघून गेला. याचा अर्थ काय घ्यायचा ते दोघींनाही कळेना. सासूनं त्यातून नकार काढला. नोझिबेलेला त्यातून काहीच काढता येईना.

ठरलेल्या सकाळी मात्र म्हातारा आला. आंघोळ करून, लग्नाकार्यातला कोट घालून, काठी पुसून आला. कुणाशी काही बोलला नाही. खोलीत आणून त्याला टेबलावर निजवलं, गळ्यापर्यंत कपड्यांनी झाकलं. नोझिबेले भिंतीशी हात जोडून उभी होती, नजर खाली.

नाकित्तोबाईंची एक सक्त शिस्त होती. भूल देण्याआधी, माणूस जागा असताना, दुर्बीण धरणाऱ्यानं त्याचं नाव मोठ्यानं घ्यायचं. कुणाच्या घरात चाललोय ते शिरण्याआधी तोंडानं बोलायचं, आणि त्यानं 'हो' म्हणायचं. एकदा कुठंतरी एकाच्या जागी दुसऱ्याला चिरलेलं त्यांनी पाहिलं होतं, त्यानंतर त्यांनी या शिस्तीत कधी सूट दिली नाही.

नोझिबेलेनं तोंड उघडलं. काही आलं नाही. पुन्हा उघडलं. घशातच ते नाव अडकून बसलं होतं, लग्नापासून तिथंच बसलेलं. लुंडी बाईंकडे बघू लागले. "भेले म्हटलं तर चालेल ना, डॉक्टर?" भूल देणाऱ्या सिस्टरनं हळूच विचारलं. बाईंनी नाही अशी मान हलवली. भेले कुळाची माणसं अख्ख्या डोंगरावर आहेत.

तेव्हा टेबलावरून आवाज आला. छताकडे बघत, पण कुत्र्याला नव्हे, तिलाच.

"सूनबाई, पोटात शिरायला निघालीस, आणि नावाच्या दारात अडलीस होय?"

नोझिबेले भिंतीपासून टेबलाशी आली.

"मी घरमालक आहे ना? मग मी सांगतो, ये आत. आज सगळीकडे ये."

नोझिबेलेच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं आणि मास्क भिजला. "खोहलिसो," ती म्हणाली. आवाज फाटला, म्हणून तिनं पुन्हा म्हटलं, नीट, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "खोहलिसो."

"हो," म्हातारा म्हणाला. "तो मीच." आणि डोळे मिटून घेतले.

नाकित्तोबाई त्या दिवशी हात मागे बांधून भिंतीशी उभ्या राहिल्या. चिमटे लुंडींच्या हातात, डोळे नोझिबेलेच्या. ती दारातून आत शिरली. बायकांच्या बाजूला यकृत, त्याच्या पदराखाली सुजलेलं, लालभडक पित्ताशय. सूज एवढी की काही ओळखू येईना. लुंडी हलक्या हातानं एकेक पापुद्रा सोडवत गेले. चूल दाखवा, म्हणत, ती दाखवी. जरा एन्टलाकडे सरका, ती सरके. शेवटी एक नळी मोकळी झाली आणि लुंडींनी तिला चाप लावायला चिमटा पुढे केला.

चाप लावण्याआधी दोनच नळ्या दिसल्या पाहिजेत, दोन्ही पित्ताशयात शिरताना दिसल्या पाहिजेत, हे बाईंनी खोक्यावर पाठ करून घेतलं होतं. नोझिबेलेला दोन दिसत नव्हत्या. तिला एक दिसत होती, आणि ती पित्ताशयात न शिरता वर यकृताकडे वळत होती. की सुजेमुळे तसं वाटतंय? लुंडी सर्जन, ती सिस्टर. ते पुरुष, ती सून, आणि आत सासरा. चिमटा उघडला.

"थांबा!" ती म्हणाली. इतक्या मोठ्यानं, की बाहेर बसलेल्या सासूलाही ऐकू गेलं. "डॉक्टर, मला दोन दिसत नाहीत. ही एन्टलाकडे चाललीय."

लुंडी थांबले. चिमटा मागे घेतला, सूज आणखी सोडवली. ती यकृताची मोठी नळी होती, सुजेनं ओढून वर आणलेली. तिला चाप बसला असता तर म्हातारा कावीळ होऊन झिजत गेला असता. खरी नळी तिच्या आड होती, बारीक, आणि शेजारी बारीक रक्तवाहिनी. दोन. लुंडींनी वळून भिंतीकडे पाहिलं. बाईंचे हात अजून मागेच होते, पण स्वतःचाच हात घट्ट धरून बोटं पांढरी पडली होती.

"दिसल्या," नोझिबेले म्हणाली. "आता दोन दिसल्या."

पित्ताशय निघालं. निघताना रीत म्हणून दुर्बीण सगळीकडे एकदा फिरवून बघायची असते, कुठं रक्त नाही ना. तिनं बायकांची बाजू पाहिली, पुरुषांची पाहिली, आणि मग दुर्बीण वर नेली, सगळ्यात आत. तिथं ती इतका वेळ थांबली, की लुंडींनी विचारलं, "काही आहे का?"

"नाही," ती म्हणाली. "सगळं ठीक आहे." पण तिचं लक्ष त्यांच्या बोलण्याकडे नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ती वॉर्डात गेली ती डोईला रुमाल घट्ट बांधून, नजर खाली. म्हातारा उशीला टेकून बसला होता, पोटावर चार चिकटपट्ट्या, समोर वाटीत आंबट दूध. सासू खुर्चीवर बसून त्याला दूध संपवायला दटावत होती. नोझिबेले पायाशी उभी राहिली आणि सासूला म्हणाली, "आई, आज त्यांना कसं वाटतंय?"

"मला विचार," म्हातारा म्हणाला.

तिनं चादरीची कड सारखी केली.

"काल आत होतीस. काय पाहिलंस ते सांग. माझं घर, आणि मलाच कधी बघायला मिळालं नाही."

"तंबाखूनं काळं झालेलं असणार सगळं," सासू म्हणाली. "सांग, सांग त्यांना."

"काळं नाही, आई," नोझिबेले म्हणाली. मग हळूहळू, चादरीच्या कडेकडे बघत, ती बोलू लागली. दारातून शिरल्यावर कसा उजेड पडला. बायकांच्या बाजूला यकृत कसं श्वास घेत होतं. आतडी कशी निवांत होती, जणू बाहेर काही चाललंच नाही. ती सासऱ्याशी इतकं सलग आयुष्यात पहिल्यांदा बोलत होती, आणि वाटीतलं दूध तसंच राहिलं होतं.

"आणि एन्टलाला?" म्हाताऱ्यानं विचारलं. आवाज खाली आला होता. "तिथं कोण होतं?"

"तिथं एक पातळ पडदा आहे, बाबा. पलीकडचं दिसत नाही. पण तो पडदा सारखा हलत होता, आतून कुणी ठोठावतंय तसा. एका लयीत. थांबतच नव्हतं." तिनं नजर वर केली. "ते तुमचं काळीज होतं. मी बघतच राहिले."

म्हाताऱ्यानं तळहात छातीवर ठेवला आणि तसाच ठेवून बसून राहिला. वॉर्डात कुणाचं तरी बाळ रडत होतं, कुणीतरी ताटल्या विसळत होतं.

"पुन्हा सांग," तो म्हणाला. "दारापासून सांग."

सासूनं खुर्ची ओढून जवळ घेतली. "आणि जरा मोठ्यानं सांग," ती म्हणाली. "मलाही ऐकू दे."